मेंदूच्या धर्तीवरचं कम्प्युटिंग: मुलांना संशोधनाला लावायचं तर सुरुवात कुठून करू? (नागपूर)

हिंगणा_ईसी

नमस्कार. मी हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझी स्वतःची पीएचडी व्हीएलएसआयमध्ये (एका चिपवर लाखो ट्रान्झिस्टर बसवण्याचं तंत्र) चालू आहे. यंदा फायनल इयरच्या चार जणांनी न्यूरोमॉर्फिक (मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या चिप) हा विषय हट्टानं मागून घेतला. त्यातली एक रोज काटोलहून एसटीनं येते. तयार प्रोजेक्ट विकत आणून सबमिट करणारी मुलंही दर वर्षी असतात. ही चौघं तशी नाहीत, म्हणून इथे विचारते आहे.

महिनाभर वाचन झालं आणि पहिलं प्रेझेंटेशन घेतलं. चौघांच्या स्लाइड जवळपास सारख्याच. मेंदूत ८६ अब्ज न्यूरॉन (चेतापेशी) आणि खर्च जेमतेम २० वॅट, आयबीएमची २०१४ ची ट्रूनॉर्थ चिप, त्यात १० लाख न्यूरॉन आणि ७० मिलिवॅट, मग इंटेलची तशीच चिप, लोइही. आकडे सगळे बरोबर होते. मी विचारलं, "यातला एकच न्यूरॉन घ्या. तो करतो काय?" चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. आणि खरं सांगते, फळ्यावर जाऊन मलाही ते नीट उलगडून दाखवता आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ही मुलं पुढे खरंच संशोधनात जावीत असं मला फार वाटतं. हाताशी आठ महिने आहेत. चिप बनवून घेण्याची सोय नाही, बायोलॉजीचं कोणी ओळखीचं नाही. आधी गणित घेऊ, सॉफ्टवेअर घेऊ की आणखी काही? ज्यांनी प्रत्यक्ष मुलं घडवली आहेत त्यांनी सांगावं.

पायथन_वर्धारोड

मॅडम, मी सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा माझं मत त्या बाजूचं. ब्रायन हा सिम्युलेटर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, न्यूरॉनचं समीकरण जसंच्या तसं लिहिता येतं. ते जमलं की एसएनएनटॉर्च घ्या, त्यात स्पाइकिंग नेटवर्कला (न्यूरॉनसारखे विजेचे क्षणिक झटके, म्हणजे स्पाइक, पाठवणाऱ्या जाळ्याला) ट्रेनिंग देता येतं. ट्रूनॉर्थ काय, लोइही काय, आतून दोन्ही डिजिटल आहेत. आठ महिन्यांत हार्डवेअरच्या मागे लागाल तर मुलं सोल्डरिंगमध्येच अडकतील असं मला वाटतं.

शनिवारची_लॅब

मॅडम, "एक न्यूरॉन करतो काय" हा प्रश्न सोडू नका. आठही महिने त्यातच गेले तरी वाया जाणार नाहीत.

मी बी.ई. नागपुरातच केलं, नंतर बेंगळुरूला अ‍ॅनालॉग (० आणि १ ऐवजी सलग बदलणाऱ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या) न्यूरॉन सर्किटवर पीएचडी केली. घरच्या कारणानं सहा वर्षांपूर्वी परत आलो. तेव्हापासून प्रतापनगरात घराच्या वरच्या खोलीत दर शनिवारी पाच-सहा मुलं बसतात. फी नाही, सर्टिफिकेट नाही. दोन चॅनेलचा जुना ऑसिलोस्कोप (व्होल्टेज पडद्यावर दाखवणारं यंत्र), एक पॉवर सप्लाय, ब्रेडबोर्ड आणि कूलर, एवढाच पसारा.

पहिले दोन महिने मी लॅपटॉप उघडू देत नाही. प्रत्येकानं बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्वतः जाऊन दोन सीडी४००७ आणायच्या. जुनी, स्वस्त सीमॉस आयसी आहे. आत तीन एन आणि तीन पी जातीचे मॉस्फेट (गेटच्या व्होल्टेजवर चालणारे ट्रान्झिस्टर) असतात आणि त्यांची टोकं बाहेरच्या पायांवर मिळतात. सोबत नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि एक मल्टिटर्न प्रीसेट (बारीक फिरवून व्होल्टेज ठरवायचा रेझिस्टर). एवढ्यात कॅलटेकचे चिपतज्ज्ञ कार्व्हर मीड यांचं अ‍ॅक्सन-हिलॉक सर्किट, म्हणजे एक कृत्रिम न्यूरॉन, उभं राहतं. येणारा करंट कपॅसिटरवर थेंबाथेंबानं साठतो, व्होल्टेज चढत जातं, एका टप्प्याला दोन इन्व्हर्टर (शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारी सर्किट) पाठोपाठ उलटतात, फीडबॅकचा कपॅसिटर त्या व्होल्टेजला आणखी वर ढकलतो आणि आउटपुटला स्पाइक येतो. तोच स्पाइक रीसेटचा मॉस्फेट चालू करतो, साठा रिकामा होतो, पुन्हा पहिल्यापासून. कागदावर पाच मिनिटांचं काम. ब्रेडबोर्डवर माझ्या एकाही बॅचचं पहिल्या शनिवारी चाललेलं नाही.

काहून चालत नाही ते नीट सांगतो, कारण खरं शिकणं तिथंच होतं. इनपुटचा मॉस्फेट थ्रेशोल्डच्या (तो पुरता चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) खाली चालवायचा असतो, करंट ३५ नॅनोअँपिअरच्या आसपास. मुलांना साहजिकच कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढताना बघायचं असतं, म्हणून ती तिथंच ऑसिलोस्कोपचा प्रोब लावतात. प्रोबचा रेझिस्टन्स १० मेगाओहम. इन्व्हर्टर उलटायला अडीच व्होल्ट लागतात, आणि अडीच व्होल्टला एकटा प्रोबच २५० नॅनोअँपिअर ओढायला बसलेला. येणार ३५, जाणार २५०. न्यूरॉन त्या अडीच व्होल्टपर्यंत पोचणारच कसा? दोन वर्षांपूर्वी एका मुलानं अख्खी दुपार यात घालवली. वायर बदलल्या, आयसी बदलली, ब्रेडबोर्ड बदलला. शेवटी कंटाळून प्रोब काढला आणि दुसऱ्या चॅनेलवर, आउटपुटला, स्पाइक धडाधड यायला लागले. प्रोब लावला, बंद. काढला, सुरू. असं चार-पाच वेळा करून तो म्हणाला, "सर, आपण पाहून राहिलो म्हणून हा थांबून राहिला." मी त्याला म्हटलं, आता ओहमचा नियम लाव आणि मला आकडा सांग.

हा नियम त्याला नववीपासून पाठ होता. त्या दिवशी तो त्याच्या कामाला आला. जिवंत पेशीत काचेचं बारीक इलेक्ट्रोड घुसवून व्होल्टेज मोजणाऱ्यालाही हेच सोसावं लागतं, इलेक्ट्रोडच्या कडेनं करंट गळतो आणि पेशीच बदलते. ते सांगायला मग वेगळं लेक्चर लागत नाही. (उपाय साधा आहे: मध्ये जेएफईटी इनपुटचा ऑप-अँप फॉलोअर म्हणून घालायचा, तो जवळपास करंटच ओढत नाही.)

दुसरा धडा आपला उन्हाळा देतो. गेल्या मे महिन्यात एका मुलीनं सकाळी सेकंदाला ७ स्पाइक मोजले. जेवून आली, पुन्हा मोजले तर १७. प्रीसेटला कोणी हात लावला नव्हता. ती रडकुंडीला आली, सकाळची सगळी रीडिंग खोडायला निघाली होती. माझ्याकडे प्रत्येक रीडिंगशेजारी खोलीचं तापमान लिहायचा नियम आहे. सकाळी ३१, दुपारी ४१, कारण लाइट गेल्यानं कूलर बंद होता. थ्रेशोल्डच्या खाली मॉस्फेटचा करंट गेटच्या व्होल्टेजनुसार घातांकी, म्हणजे पटीपटीनं, वाढतो, आणि त्या घातांकातच तापमान बसलेलं असतं. शिवाय थ्रेशोल्डही तापमानाबरोबर खाली सरकतो. १० अंशांत अडीच पट म्हणजे सर्किट बरोबर चाललं होतं.

मीड यांना १९८० च्या दशकात जे जाणवलं ते हेच. चेतापेशीच्या पडद्यावरची आयनांची दारं व्होल्टेजनुसार घातांकी उघडतात, आणि थ्रेशोल्डखालचा ट्रान्झिस्टरही तसाच वागतो. हे साम्य म्हणजेच या विषयाचा उगम. त्या मुलीनं ते ग्राफ पेपरवर स्वतः काढलं. आता ती पीएचडी करते आणि अजूनही रीडिंगशेजारी तापमान लिहिते.

पायथनभाऊंचं म्हणणं मी टाळत नाही. सॉफ्टवेअर हवंच, पण तिसऱ्या महिन्यापासून, आणि हातात स्वतःची रीडिंग असताना. सिम्युलेशनमधला न्यूरॉन ब्रेडबोर्डवरच्या न्यूरॉनशी जुळवा, एवढंच काम द्या. जुळणार नाही. का जुळत नाही हे मुलं शोधतील, तिथून संशोधन सुरू होतं. मोठ्या चिप डिजिटल आहेत हे खरं, उन्हानं त्यांचे स्पाइक बदलत नाहीत. पण पुढची नवी उपकरणं पुन्हा अ‍ॅनालॉगकडेच चालली आहेत. बेंगळुरूच्या आयआयएससीत २०२४ साली रेणूंच्या एका पातळ थरात वाहकतेच्या १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या मिळवून दाखवल्या. अशा पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला, प्रोबनं न्यूरॉन थांबतो हे ज्यानं एकदा भोगलंय असा माणूस लागतो.

बायोलॉजीचं कोणी नाही म्हणालात, ते मात्र मनावर घ्या. कॅलटेकमध्ये मीड, हॉपफिल्ड आणि फाइनमन यांनी मिळून एक वर्ग चालवला होता, म्हणजे चिपवाला आणि भौतिकीवाले एकाच फळ्यासमोर. सिलिकॉन रेटिना (डोळ्याच्या पडद्यासारखी चिप) घडवणाऱ्या मिशा महोवाल्ड मुळात बायोलॉजीच्या. अमेरिकेत टेल्युराइडला १९९४ पासून दर उन्हाळ्यात तीन आठवड्यांचं शिबिर भरतं, तिथंही चिपवाले आणि मेंदूवाले एकाच टेबलावर बसून काहीतरी बांधतात. नागपुरात एवढी मेडिकल कॉलेजं आहेत. एक दार ठोठावून बघा.

पेपरची घाई मात्र करू नका. वही नीट ठेवा.

शरीरक्रिया_नागपूर

वरचं वाचून राहवलं नाही. मी इथल्याच एका मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते. मॅडम, तुमच्या चौघांना विभागाच्या परवानगीनं एक दिवस माझ्याकडे पाठवा, त्यांच्या स्वतःच्याच हातातली नस मोजून दाखवते.

आम्ही मनगटाशी आणि कोपराशी मीडियन नर्व्हला (हातातली एक मुख्य नस) हलका शॉक देतो आणि अंगठ्याच्या स्नायूवर उत्तर नोंदवतो. दोन जागांमधलं अंतर टेपनं मोजायचं, समजा २२ सेंटिमीटर. दोन उत्तरांच्या वेळेतला फरक साधारण ४ मिलिसेकंद येतो. म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचा आधी विश्वासच बसत नाही, इतकं हळू? मग त्यांचा पुढचा प्रश्न असा येतो की एवढ्या हळू तारांवर आपण क्रिकेटचा बॉल पकडतो कसा. तो प्रश्न त्यांच्याच तोंडून यायला हवा.

तापमानाचं तर आमच्याकडे रोजचं आहे. डिसेंबरात सकाळी गारठलेला हात घेऊन पेशंट आला की आम्ही आधी हात गरम करतो, मगच मोजतो. हात एक अंश गार झाला की वेग सेकंदाला जवळपास दोन मीटरनं उतरतो. न तपासता रिपोर्ट दिला तर धडधाकट माणसाला नसेचा आजार चिकटतो. हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या नसेवरून न्यूरॉनची जी समीकरणं मांडली, ती ६.३ अंश सेल्सिअसची आहेत. तुमची मुलं तीच समीकरणं सिम्युलेटरमध्ये घालणार. त्यांना विचारा, ३७ अंशांवर काय होईल? मी उत्तर सांगत नाही.

पायथन_वर्धारोड

६.३ अंशांचं मला माहीत नव्हतं. पाच वर्षं ती समीकरणं चालवतो आहे, तापमानाचा गुणक नेहमी आहे तसाच सोडून दिला. आज रात्री बदलून बघतो. मॅडम, तिसऱ्या महिन्यापासून सॉफ्टवेअरला मी येईन, रविवारी जमेल.

हिंगणा_ईसी

महिना उलटून गेला, काय झालं ते लिहायला आले.

चौघांनी बर्डीवरून आयसी आणल्या. दोन बोर्ड चालले, दोन नाही. प्रोबचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काटोलची मुलगी सकाळी लॅब उघडायच्या आधीच दारात उभी, "मॅडम, प्रोब करंट खातो." रात्री एसटीत तिनं गणित मांडलं होतं, ओळखपत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं. त्यात तिची एक चूकही होती. तिनं प्रोब १ मेगाओहम धरला, दहापट करायची विसरली. ती चूक बाकीच्या तिघांनी फळ्यावर पकडली आणि मी अर्धा तास एक शब्दही बोलले नाही. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला अर्धा तास.

नंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला अडला, म्हणून इथे टाकते. चारही बोर्डांवर आयसी एकाच कंपनीच्या, गेटचं व्होल्टेज एकच, तापमान एकच. दोन बोर्डांत स्पाइक ९ आणि १४. मग मेंदूतल्या दोन शेजारच्या पेशीही अशाच वेगळ्या असतात का? आणि असतील तर मेंदूचं काम अडत कसं नाही?

डॉक्टर मॅडम, विभागप्रमुखांचं पत्र तयार आहे. गुरुवारी घेऊन येऊ का?

शरीरक्रिया_नागपूर

हो, या. पेशी वेगळ्या असतात, एकाच जातीच्या असल्या तरी. काम का अडत नाही यावर गुरुवारी बसून बोलू, एका ओळीत सांगण्यासारखं नाही. मुलांना अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून पाठवा, आणि टेप तुमचाच आणा, आमचा फाटला आहे.

शनिवारची_लॅब

९ आणि १४ वाले दोन्ही बोर्ड मोडू नका. तारा तशाच राहू द्या, डब्यात ठेवा आणि शनिवारी चौघांनाही घेऊन प्रतापनगरला या. आधी दोघांच्या आयसी आपसात बदलून मोजू. फरक आयसीबरोबर गेला तर कारण आयसीत, बोर्डावरच राहिला तर कपॅसिटरकडे बघायचं. माझ्याकडे मागच्या बॅचचे सहा बोर्ड आहेत. आठही शेजारी शेजारी मांडू, प्रत्येकाचं रीडिंग घेऊ. तापमापक मी काढून ठेवतो.