मदत हवी आहे: सर्व्हेची उत्तरं एकमेकांच्या उलट येतायत (सोमवारच्या आत)

जुई_२२:
सोमवारी गाईडना दाखवायचंय आणि डोकं चालेनासं झालंय. प्रश्न ४: 'मोठ्या कंपन्यांनी सरकारच्या हवामान धोरणावर प्रभाव टाकावा का?' बहुतेकांचं 'नाही'. प्रश्न ९: 'सरकारने हवामानाबाबत कडक नियम करावेत यासाठी मोठ्या कंपन्यांनी पुढाकार घ्यावा का?' त्याच लोकांचं 'हो'. निष्कर्ष काय लिहू? एक्सेल तीनदा तपासलंय, ते नका सांगू.

तर्कट:
किती फॉर्म? कोणी भरले? कुठे? मराठीत की इंग्रजीत? काहीच लिहिलं नाहीये.

जुई_२२:
८०. मराठीत. इंग्रजी प्रश्नावली होती, भाषांतर मीच केलं.

नर्मदाकाठ:
मग झालं की! 'प्रभाव टाकणे' म्हटलं की आपल्या माणसाला मंत्रालयाचा सहावा मजला आठवतो. वशिला, पाकीट. 'पुढाकार' म्हटलं की दीपप्रज्वलन. दोष तुमच्या शब्दांचा आहे, लोकांचा नाही.

गिरणगावकर:
असहमत. लोकांना बरोब्बर कळतं. २०१७ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, वर निवडणूक रोखे आणले. ते सुप्रीम कोर्टाने रद्द करेपर्यंत फेब्रुवारी २०२४ उजाडला. हे बघितलेला माणूस कंपनीला 'जा, सरकारच्या कानाला लाग' म्हणेल?

नर्मदाकाठ:
प्रत्येक धाग्यावर रोखे!

उत्साही_काका:
जुईताई, मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावेच लागतात. त्यातून वृक्षारोपण होतं. जाता जाता, आमच्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं, जिन्याचं बिल जवळपास गेलंच.

तर्कट:
काका, सीएसआर कोणी विचारलं?

आकडेमोड:
दोन्ही उत्तरं एकत्र नांदू शकतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यात वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर अहवाल (समाज आणि पर्यावरणाची जबाबदारी कशी पाळता त्याचा) सक्तीचा केलाय. त्यातलं सातवं तत्त्व हेच सांगतं: धोरणावर प्रभाव टाकायचा तर जबाबदारीने आणि पारदर्शकपणे टाका. ग्यानबाची मेख अशी, की कोणत्या उद्योग संघटनांचे सभासद आहात ते सांगणं सक्तीचं, आणि सरकारपुढे कोणती भूमिका मांडलीत ते सांगणं ऐच्छिक. मी चाळलेल्या अहवालांत तो रकाना बहुधा कोराच. कंपनी जाहिरातीत पवनचक्की दाखवणार, आणि नियम पुढे ढकला म्हणून सरकारला पत्र लिहिणार तिची संघटना. संघटनेची हवामानाबाबतची भूमिका पटली नाही म्हणून ॲपल २००९ मध्ये यूएस चेंबर ऑफ कॉमर्समधून बाहेर पडली, फ्रेंच तेल कंपनी टोटल २०२१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमधून. तुमचे ८० जण कदाचित एवढंच म्हणतायत: बोला, पण उघड बोला.

झेंडू:
वाचनखूण साठवली.

तर्कट:
सुंदर, पण 'कुठे' राहिलंच. जुई?

जुई_२२:
चाकणला. मामा एका कारखान्यात आहेत, तिथल्या एचआरने लंच टाइमला भरून घेतले. का?

तर्कट:
का म्हणे! फॉर्मवर नावं होती?

जुई_२२:
नाव ऑप्शनल होतं. फक्त एम्प्लॉयी कोड मागितला होता.

गिरणगावकर:
😂😂 एचआर समोर उभा, आणि 'कंपनीने पुढाकार घ्यावा का?' नाही म्हणायला छाती लागते. आमच्या गिरणीत असतं तर आधी युनियनला विचारलं असतं.

नर्मदाकाठ:
मग प्रश्न ४ ला 'नाही' म्हणायची छाती कुठून आली? शब्दच.

आकडेमोड:
त्यात हे गाड्यांच्या कारखान्यातले लोक असतील तर आणखी गुंता. मायलेजच्या कॅफे नियमांत (कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनखपावरची मर्यादा) छोट्या गाड्यांना सवलत द्यावी की नाही, यावरून कार कंपन्यांतच दोन तट पडले. 'मोठ्या कंपन्या' वाचून प्रत्येकाने आपलीच कंपनी डोळ्यासमोर आणली असणार.

जुई_२२:
अहो पण सोमवारी दाखवू काय??

तर्कट:
प्रश्न ४ तीन तुकड्यांत फोडा: उघड निवेदन, संघटनेमार्फत, बंद दाराआड. एसटी स्टँडवर जाऊन नव्याने ३० फॉर्म भरा, कोड नको, मामा नकोत. जुने ८० फेकू नका, कसे भरून घेतले ते गाईडना स्वच्छ सांगा.

जुई_२२:
स्टँडवर कोण भरणार फॉर्म, लोकांना गाडी पकडायची असते.

गिरणगावकर:
एसटी आहे ती. भरपूर वेळ असतो.

उत्साही_काका:
जुईताई, सोलरवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.