ब्रिक्स्टन कुणी दाखवावं? राहणाऱ्यांनी की अभ्यासकांनी?

टूटिंगकर

दक्षिण लंडनमध्ये नऊ वर्षं राहतोय. ब्रिक्स्टनला स्टेशनबाहेर यायचं, गर्दीतून वाट काढायची आणि बस पकडायची, एवढाच आजवरचा संबंध. गेल्या रविवारी तिथली पायी फेरी केली. फेरी काढतात ते तिथलेच कॅरिबियन रहिवासी. आमच्या वीस जणांच्या गटासोबत सत्तरीतल्या एक बाई होत्या, लहानपणी जमैकाहून आलेल्या. सगळे त्यांना आँटी म्हणत होते, मग आम्हीही म्हणू लागलो.

इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू हा १८८०च्या दशकात विजेचे दिवे लागलेला बाजाररस्ता, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि यॅमच्या गाड्यासमोर दहा मिनिटं उभं केलं. यॅम म्हणजे आपल्या कोनफळाचा थोरला भाऊ. कापलेल्या तुकड्यावर नख दाबून म्हणाल्या, "हा पांढरा घानाचा. आमचा पिवळा असतो." विक्रेता हसला आणि त्याने खालच्या खोक्यातून पिवळा काढून दिला.

मग 'पार्डनर'ची गोष्ट. बँका कर्ज देत नव्हत्या, घरमालक दारावर 'काळ्यांना जागा नाही' अशी पाटी लावत. तेव्हा ओळखीची माणसं दर आठवड्याला एकीकडे पैसे जमवत आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी रक्कम मिळे. त्यातून घरांची पहिली रक्कम उभी राहिली. मी मोठ्याने म्हणालो, "अहो, ही तर भिशी!" माझ्या आईचं पहिलं शिलाई मशीन भिशीतूनच आलेलं.

संध्याकाळी इतिहासाचा अभ्यासक असलेल्या मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "ऐकायला छान आहे, पण त्यांचे निम्मे आकडे चुकीचे असतात. संग्रहालयाची फेरी कर." तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी

तुमच्या मित्राशी सहमत. युद्धानंतर कॅरिबियन लोकांना इंग्लंडला घेऊन आलेल्या 'विंडरश' जहाजातून ४९२ माणसं आली असं आँटींनी सांगितलं का? सगळे तेच सांगतात. तो तेव्हाच्या वर्तमानपत्रांतला आकडा. प्रवासी यादीत १,०२७ नावं आहेत आणि त्यातल्या ८०२ जणांनी शेवटचा मुक्काम कॅरिबियनमधला लिहिलाय. शिवाय जून १९४८चं 'विंडरश' हे काही पहिलं जहाज नव्हे, 'ऑर्मोंड' आणि 'अल्मान्झोरा' आदल्याच वर्षी येऊन गेली होती. पैसे घेऊन फिरवता ना? मग एवढं तपासून घ्या की. क्लॅपहॅम साउथच्या ज्या भूमिगत निवाऱ्यात 'विंडरश'मधल्या दोनशेहून अधिक जणांना उतरवलं, तिथे लंडनचं परिवहन संग्रहालय फेरी काढतं. मी केली आहे. एकही वाक्य हवेतलं नव्हतं.

टूटिंगकर

४९२च सांगितले. 😄 पण निवाऱ्यात ठेवलेल्यांना सर्वांत जवळचं रोजगार केंद्र कोल्डहार्बर लेनवर होतं, म्हणून ही माणसं ब्रिक्स्टनला आली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. चालत जाऊन ते अंतर पायाला कळतं.

भटकभवानी

हिशेबी, कागदावर तुमचा फारच जीव दिसतो. याच पिढीच्या आगमनाच्या नोंदींची कार्डं ब्रिटिश गृहखात्याने २०१० साली नष्ट केली. मग २०१८ला जो गहजब झाला तो आठवतोय ना? पन्नास पन्नास वर्षं इथे राबलेल्यांना 'तुम्ही कधी आलात ते सिद्ध करा' म्हणून नोटिसा. नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना देशाबाहेर काढलं. कागद त्यांनी हरवला नव्हता, सरकारने टाकून दिला होता. अशा माणसांनी स्वतःच्या गल्लीत उभं राहून 'मी इथे होते' म्हणणं ही नुसती करमणूक नाही हो.

मागे किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचं घर बघायला गेले होते. १९२१-२२ला ते तिथे राहिले, २०१५ला महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. फलक व्यवस्थित, फोटो व्यवस्थित. पण लक्षात काय राहिलं? नागपूरहून आलेले एक आजोबा जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून नातवाला हळू आवाजात काहीतरी सांगत होते, ते.

हिशेबी

कार्डांचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण त्या अन्यायाने ४९२ बरोबर ठरत नाहीत. उलट अशा लोकांचा इतिहास तर जास्तच काटेकोर हवा, नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, 'सगळ्याच दंतकथा.'

कडूगोड

अवांतर: त्याच 'विंडरश'मध्ये मेक्सिकोहून चढलेले साठेक पोलिश निर्वासितही होते. कोल्हापूरच्या वळिवड्यात पोलिश छावणी होती हे आमच्या आजीकडून ऐकलेलं, त्यामुळे यादीत ती नावं वाचून चमकलो होतो. आँटी ते सांगतात का?

पाचवा दिवस

रेल्टन रोडला त्रिनिदादचे लेखक-विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांचं घर दाखवलं की नाही? १६५ नंबर, निळी पाटी आहे. कृष्णवर्णीय फ्रँक वॉरेलला वेस्ट इंडीजचा कर्णधार करा म्हणून १९६०ला त्रिनिदादच्या वर्तमानपत्रातून रान उठवणारे हेच. १९७१ला वेस्ट इंडीजमध्ये गावसकरांनी काढलेल्या ७७४ धावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाने तिथे टोपी काढायलाच हवी. बाकी वादात पडत नाही.

परळचा पाहुणा

मी वेगळंच बोलणार आहे, राग मानू नका. कोण दाखवतं यापेक्षा दाखवल्यावर काय होतं ते बघा. आमच्याकडे फिनिक्स मिलची चिमणी तेवढी ठेवली. खाली मॉल, वर चिमणी. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि गाइड 'गिरणगाव' म्हणतो. ज्याच्या बापाने तिथे तिसरी पाळी केली तो केव्हाच विरार-बदलापूरला गेला. ब्रिक्स्टनचंही तेच चाललंय. ऑलिव्ह मॉरिस या ब्रिक्स्टनच्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीच्या नावाची कौन्सिलची इमारत पाडली ना? वस्ती 'रंगीबेरंगी' आहे अशी ख्याती झाली की बिल्डरला जाहिरात फुकट मिळते. मग आँटींचीच नातवंडं तिथे घर घेऊ शकत नाहीत. फेरीत वीस जण होते म्हणता, त्यातल्या किती जणांनी यॅम विकत घेतला?

हर्नहिलची सून

पाहुणे, अर्धं पटलं. मी शेजारीच राहते. रेल्वेच्या कमानीखालचे जुने दुकानदार नूतनीकरणाच्या नावाखाली उठवले गेले, ते डोळ्यांनी पाहिलंय. शनिवारी मासे घ्यायला जाते तेव्हा कॅमेरे सरसावून उभ्या घोळक्याला वळसा घालावा लागतो, मासेवालाही वैतागतो.

पण दुसरी बाजूही आहे. ग्रॅनव्हिल आर्केड, म्हणजे आताचं ब्रिक्स्टन व्हिलेज, आणि शेजारचं मार्केट रो यांच्या जागी नवं बांधकाम येणार होतं. संरक्षित इमारतीचा दर्जा मागितला तेव्हा आधी नकार आला. बांधणीत खास काही नाही म्हणे. आणि ते खरंच आहे, साधं छप्पर आणि गाळे. रहिवाशांनी हट्ट सोडला नाही. २०१०ला दर्जा मिळाला तो युद्धानंतरच्या कॅरिबियन वस्तीशी असलेल्या नात्यामुळे. म्हणजे याच गोष्टी: कुठल्या गाळ्यात कुणी काय विकलं, घरची चव शोधत कोण कुठून यायचं. ज्या किश्शांना तुम्ही जाहिरात म्हणता त्यांनीच बुलडोझर थांबवला.

परळचा पाहुणा

छप्पर वाचलं. भाडं?

हर्नहिलची सून

भाडं नाही वाचलं. खोटं कशाला बोलू. जिथे आधी कापडाचं दुकान होतं तिथे आता कॉफी मिळते आणि मीही ती पिते.

टूटिंगकर

पाहुणे, वीसपैकी तिघांनी यॅम घेतला. मी त्यांतला एक. घरी आणून भाजी केली, खाजेल या भीतीने चिंच जरा जास्तच पडली. बायको म्हणाली, आँटींनाच विचारायचं होतं.

हिशेबी, प्रवासी यादीचं मी आँटींना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "८०२? मग माझे मामा त्यात धरलेत का बघ." त्यांना खरंच मामांचं नाव शोधायचंय, यादीत कसं बघतात ते ठाऊक नाही. पुढच्या रविवारी अकराला विंडरश स्क्वेअरला भेटतोय. तिथेच ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह आहे, निदान चौकशी तरी करू. येताय का?

हिशेबी

येतो. मामांचं पूर्ण नाव आणि कुठल्या बंदरावर चढले ते आधी विचारून ठेवा.