मदत हवी आहे: ओटीचा (ओव्हरटाइमचा) हिशेब, एकाच माणसाचे वेगवेगळे आकडे

(जुलै 2025 ची चर्चा. कायद्याचे उल्लेख नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होण्याआधीचे.)

गोदाकाठची

अंबड एमआयडीसीत आमचा घरचा छोटा कारखाना आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), बाकी जुन्या लेथ, माणसं 28. सासरे होते तोवर हजेरी आणि पगार तेच बघायचे. ते गेल्यावर बाहेरच्या एका अकाउंटवाल्याने एक्सेल शीट करून दिली. दीड वर्ष ती त्यानेच चालवली, आता माझ्या गळ्यात आली आहे. (भाऊजी मशीन सोडून कागदाला हात लावत नाहीत.) बहुतेक कामगार ताशी दरावर आहेत.

जून 2025 चा पगार 7 जुलैच्या आत करायचाय. काल शिफ्ट सुटल्यावर सासऱ्यांच्या वेळचे एक टर्नर (लेथ चालवणारे) काका टेबलापाशी येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. खिशातून छोटी डायरी काढून पुढे ठेवली. पानांना कूलंटचा वास, रोजचे तास पेन्सिलने लिहिलेले, खाली दुहेरी रेघ आणि "ओटी 20". माझ्या शीटमध्ये त्यांची ओटी शून्य.

जेवणाचा अर्धा तास वगळून त्यांचे तास असे. रविवार सुट्टी.
1 ते 7 जून: सहा दिवस रोज 9. एकूण 54.
8 ते 14: पाच दिवस रोज 10, शनिवारी खाडा. 50.
15 ते 21: तीन दिवस 8, मग तापाने घरी. 24.
22 ते 28: चार दिवस 8, दोन दिवस 10. 52.

दर ताशी 90 रुपये. शीट म्हणते एकूण 180 तास भरले, 24 दिवसांचे 192 हवे होते, म्हणजे 12 तास कमीच. पगार 16,200. काकांच्या डायरीप्रमाणे ओटीचे 20 तास डबल धरून 18,000. 29 आणि 30 तारखेचं सोडा, त्यात वाद नाही. बरोबर कोण?

लेथवाला

ताई, ती शीट आधी बंद करा. खाड्याचे तास ओटीतून वळते करायचे ही युक्ती सातपूरला आमच्या ठेकेदारानेही केली होती. माणूस दहा-दहा तास उभा राहतो, पुढच्या आठवड्यात आजारी पडला की आधीची ओटी गेली पाण्यात. खाड्याचा पगार कापलेलाच असतो, मग तोच खाडा दुसऱ्यांदा कशाला कापायचा?

हजेरीबुक

पगारपत्रकं करण्यात सोळा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे 28 माणसं आणि पॉवरवर काम, म्हणजे कारखाने अधिनियम 1948 लागू. कलम 59 बघा. दिवसाला 9 तासांच्या वर किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं की त्या जादा तासांना दुप्पट दर. कायदा दिवस आणि आठवडा मोजतो, महिना मोजतच नाही. तुमच्या शीटचा घोळ तिथेच आहे.

सगळी गंमत नवव्या तासाची आहे. दिवस धरला तर तो ओटी नाही, पण आठवडा पूर्ण भरला तर होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसाच्या हिशेबाने शून्य, पण 54 वजा 48, सहा तास ओटी. दुसऱ्या आठवड्यात उलटं. आठवड्याने दोनच तास निघतात, पण पाचही दिवशी दहावा तास आहे, म्हणजे पाच. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात दिवसाने दोन. ते बाजूला काढले तरी 50 उरतात, म्हणजे 48 च्या वरचे आणखी दोन, एकूण चार. एकच तास दोन्हीकडे धरायचा नाही, एवढं सांभाळा.

6, 5, 0, 4. पंधरा तास. साधे 165 तासांचे 14,850 आणि ओटीचे 180 च्या दराने 2,700. एकूण 17,550. शीटही चूक, काकाही चूक. काकांनी 8 च्या वरचा प्रत्येक तास धरलाय.

90 शिवाय कुठला भत्ता देत असाल तर तोही ओटीच्या दरात येतो. बोनस येत नाही.

एमआयडीसीतला एक

एवढं कोण बघतं? ओटी सिंगल द्या, व्हाउचरवर रोख द्या, विषय संपला. आजूबाजूला तेच चालतं.

हजेरीबुक

चालतं, आणि एखादा सोडून गेलेला माणूस कामगार उपायुक्तांकडे अर्ज करतो तेव्हा तीच व्हाउचरं समोर येतात. शिवाय ओटीवर पीएफ नसला तरी ईएसआय (कामगार विमा) कापायचा असतो, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25. रोख दिलेल्या ओटीवर तो कोण भरणार?

गोदाकाठची

सिंगल देणार नाही, सासऱ्यांनीही कधी दिली नव्हती. हजेरीबुकदादा, नवव्या तासाचं आता डोक्यात शिरलं. 17,550 करून टाकू?

लेथवाला

थांबा. काका सासऱ्यांच्या वेळचे ना? एवढा जुना माणूस 8 च्या वरचे तास उगाच मोजणार नाही. त्यांना आधी ओटी कशी मिळायची ते विचारा, नाहीतर जुनं रजिस्टर काढा.

हजेरीबुक

हा मुद्दा माझ्याकडून सुटला. कायद्यात आहे ते किमान. तुमच्याकडे वर्षानुवर्षं 8 नंतर डबल मिळत असेल तर ती सेवाशर्त झाली. ती काढायची तर औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 9-क ची नोटीस लागते, 21 दिवसांची. एक्सेल बदलली म्हणून सवलत जात नाही.

गोदाकाठची

मिळालं. देव्हाऱ्याखालच्या कपाटात 2011 चं रजिस्टर होतं. सासऱ्यांचं अक्षर, हिरवी शाई, शेवटच्या रकान्यावर "8 चे वर, डबल". पुढची सगळी रजिस्टरंही तशीच, ते गेले त्या महिन्यापर्यंत. म्हणजे बदल केला तो त्या शीटने, आणि आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांना 18,000 लावले. त्यांनी सही केली, डायरी खिशात घातली, "बरं" म्हणाले आणि गेले.

पण दीड वर्ष सगळ्यांचे पगार याच शीटवर झालेत. भाऊजींना सांगितलं, ते तासभर गप्प होते, मग म्हणाले काढ हिशेब. पंचिंग मशीनमध्ये मागच्या तीनच महिन्यांचा डेटा आहे. डायरी फक्त काकांकडे. बाकीच्यांचं काय धरू?

लेथवाला

गेटवर वॉचमन असेल तर त्याच्याकडे आत-बाहेरचं रजिस्टर असतं. ते बघा.

गोदाकाठची

आहे. स्टोअरमध्ये, पोत्यात भरून. उद्या काढते.