किकी मोर्दी आणि ‘सेक्स फॉर ग्रेड्स’: तुमचे अनुभव लिहा

नायजेरियाच्या किकी मोर्दीबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. रेडिओवर निवेदन करणारी ही मुलगी ऑक्टोबर 2019 मध्ये, तिशीच्या आतच, बीबीसी आफ्रिका आय या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमातल्या ‘सेक्स फॉर ग्रेड्स’ या माहितीपटातून जगाला माहीत झाली. लागोस आणि घाना विद्यापीठांतले काही प्राध्यापक मार्कांच्या, प्रवेशाच्या बदल्यात मुलींकडे काय मागतात, ते विद्यार्थिनी बनून गेलेल्या पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्यात टिपलं. पुढच्या वर्षी माहितीपटाला आंतरराष्ट्रीय एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकनही मिळालं. किकीला स्वतःला अशाच छळापायी शिक्षण सोडावं लागलं होतं, आणि तेही तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. मला तिचं हे धाडस सगळ्यात मोठं वाटतं. तुम्ही पाहिलंत? काय वाटलं, काय आठवलं, मोकळेपणाने लिहा.

लागोसला राहिलेली
आम्ही तेव्हा तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. स्टाफ क्लबमधली ती ‘कोल्ड रूम’, जिथे मुलींना नेलं जायचं, तिचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी. अकाउंट्समधली एक बाई डबा तसाच ठेवून फोनवर बघत बसली होती. म्हणाली, “आमच्या वेळेलाही हेच होतं गं, फक्त कॅमेरा नव्हता.” एक प्राध्यापक लगेच निलंबित झाला, 2021 मध्ये बडतर्फही. जुलै 2020 मध्ये नायजेरियाच्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, अशा छळासाठी 14 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेलं विधेयक मंजूर केलं.

पीएचडी सोडलेली
माझे गाइड प्रबंधाचं प्रकरण वाचायला संध्याकाळी घरीच बोलवायचे, बायको माहेरी गेली की हमखास. मी रजिस्ट्रेशन रद्द केलं. घरी सांगितलं, विषय झेपत नाही. किकी बोलायला लागली तेव्हा मी व्हिडिओ थांबवून आईला हाक मारली आणि खरं कारण सांगितलं. आजवर एवढंच जमलंय.

टीव्ही रिपोर्टर, पुणे
छुपं चित्रीकरण मी केलंय. चित्र हललं तरी चालतं, आवाज गेला की सगळं गेलं. पंख्याखाली बसलात तर नेमकं वाक्य घरघरीत बुडतं. आणि समोरचा दार लावून घेतो तेव्हा चेहरा साधा ठेवायचा! त्या मुलींनी तो ठेवला. म्हणून एक गोष्ट बोलायलाच हवी: चमूतल्याच एका पत्रकार मुलीने नंतर श्रेयाचा प्रश्न जाहीरपणे विचारला. किकीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तो प्रश्न रास्त आहे. आमच्या धंद्यात जीव धोक्यात घालणाऱ्याचं नाव बरेचदा शेवटच्या पाटीवरही नसतं.

प्राध्यापिका, नाशिक
मी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. हा माहितीपट समितीला दाखवला आणि मग आमच्या तक्रारपेटीकडे बघितलं. पेटी ऑफिसच्या दारात, शेजारी शिपायाचं स्टूल, समोर प्राचार्यांची केबिन. कोण मुलगी तिथे चिठ्ठी टाकेल? आता ती मुलींच्या कॉमन रूममध्ये हलवलीय, किल्ली समितीतल्या बाहेरच्या सदस्यबाईंकडे. तुमच्या कॉलेजात पेटी कुठे आहे आणि ती उघडतं कोण, तेही लिहा.