मदत हवी आहे: जेंटूवर (सोर्स कोडमधून स्वतः कंपाइल करायचं लिनक्स) मोठी पॅकेजेस कंपाइल करताना तात्पुरत्या फाइल्स कुठे ठेवाव्यात?

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे, सोल्डर केलेली, त्यामुळे वाढवता येणार नाही. ८ कोर, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (साधारण ६० जीबी मोकळी) आणि यूएसबीवर एक जुनी १ टीबी हार्ड डिस्क.

पोर्टेजची (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) बिल्डची जागा मी १२ जीबीच्या टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या फाइल सिस्टिमवर, माउंट केली आहे. लहानसहान पॅकेजेस मस्त होतात. पण क्रोमियम ब्राउझर तासन् तास चालतं आणि शेवटी 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' म्हणून मान टाकतं. टीएमपीएफएस १४ जीबी केलं तर जागेच्या आधी रॅमच संपते आणि लिंकिंगच्या वेळी (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) कर्नल प्रोसेस मारून टाकतो. समांतर जॉब्स ८ वरून ४ वर आणले, तरी तेच.

सध्या पॅकेज डॉट एन्व्हमधून (पॅकेजनुसार वेगळी सेटिंग्ज देण्याची सोय) क्रोमियम आणि लिबरऑफिस यूएसबी डिस्कवर वळवले आहेत. बिल्ड पूर्ण होतं, पण वेग गोगलगायीचा. त्या डिस्कची फाइल सिस्टिम लिनक्सचीच ईएक्सटी४ आहे, म्हणजे वेग त्यामुळे कमी नाही. तयार बायनरी नको. यूज फ्लॅग (पॅकेजमध्ये कोणत्या सुविधा हव्यात ते ठरवणारे पर्याय) वेगळे लागतात, नाहीतर जेंटू घेतलंच कशाला!

आता दोन पर्याय दिसतात: ही दोन पॅकेजेस सरळ एनव्हीएमईवरच्या फोल्डरमध्ये बिल्ड करायची, की टीएमपीएफएस मोठं करून एनव्हीएमईवर २४ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) द्यायचा? १६ जीबी रॅमवर क्रोमियम नियमित बांधणाऱ्यांनी सांगा, यातल्या कशात एसएसडीवर कमी लेखन होतं आणि लिंकिंग मध्येच तुटत नाही?