थर्मोस्टॅट वॉल ७१ चा, ८३ चा की ८८ चा? (कमिन्स ५.९, सहा सिलिंडर)

रामबागची लेक, इंदूर

नमस्कार. गाडी टाटाची सहा चाकी, इंजिन कमिन्सचं सहा सिलिंडर, ५.९ लिटर. गाडी बाबांची. गुडघ्यांमुळे त्यांना आता केबिनमध्ये चढवत नाही, म्हणून दोन वर्षांपासून भाडं, डिझेल, दुरुस्ती सगळं मी बघते. इंदूरहून सोयाबीनची पेंड भरून धुळ्याला जाते, परतीला जो मिळेल तो माल.

गेल्या मे महिन्यात खलघाटहून वर येताना गणपती घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे तापमानानुसार इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारा-बंद करणारा, तोच काढून फेकला. म्हणाला, आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही. तेव्हापासून सपाट रस्त्यावर काटा ६० च्या आसपास लोळतो, सकाळी धूर जास्त येतो, डिझेलही जास्त लागतंय. आणि मला न उलगडलेली गोष्ट अशी की भरल्या गाडीने घाट चढताना काटा अजूनही १०० पार करतो. वॉलच नाही तर पाणी अडतंय कुठे?

आता नवीन बसवायचा आहे. लोहा मंडीत एकाने तीन पुढे ठेवले: ७१, ८३ आणि ८८ अंशांचे. म्हणे ७१ चा घ्या, थंड राहील. ड्रायव्हर भैयाही तेच म्हणतात. बाबा म्हणतात, जो होता तोच आण. पण जो होता तो फेकला गेला, त्यावरचा आकडा कोणी वाचलाच नाही.

धुळे-सेंधवा

ताई, ७१ चाच टाका. लवकर उघडेल तर लवकर थंड होईल, साधा हिशोब आहे. आमच्या दोन गाड्यांना वॉलच नाहीत, बिजासन घाट रोज चढतात.

पाना १७

ताई, २८ वर्षं डिझेल इंजिनं खोलली आहेत, तेव्हा थोडं लांबेल.

आधी तुमचं कोडं. या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरकडे जाते. दुसरी बायपासची, म्हणजे हेडमधून थेट परत पंपाकडे. इंजिन थंड असतं तेव्हा थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासने फिरतं. तापलं की त्यातलं मेण फुगतं, वॉल सरकतो, रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच हालचालीत बायपास बंद होतो. हे दुसरं काम बरेच मिस्त्री विसरतात. वॉल काढलात की दोन्ही वाटा कायम उघड्या. सपाटीवर लोड कमी असतो, तेव्हा इंजिन गारठतं. घाटात खरी उष्णता तयार होते, तेव्हा गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटर न बघताच इंजिनात परत येतो. म्हणून तुमची गाडी थंडही राहते आणि उकळतेही. बायपास बंद न करणाऱ्या जुन्या इंजिनांत वॉल काढून भागत असेल, या इंजिनात नाही.

आता आकडा. त्यावर छापलेलं तापमान म्हणजे वॉल उघडायला कधी लागतो ते. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. तुमच्या इंजिनाचा नेहमीचा वॉल ८३ ला सुरू होतो आणि ९५ ला पूर्ण उघडतो. ७१ चा साधारण ८३ लाच पूर्ण उघडेल. पण घाटात काटा ९५ च्या वर गेला की दोन्ही पूर्ण उघडेच. मग फरक काय उरला? थर्मोस्टॅट इंजिनाचं खालचं तापमान राखतो. वरचं राखायचं काम रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप आणि रेडिएटरच्या कॅपचं. ७१ टाकलात तर घाटात फायदा शून्य, सपाटीवर मात्र थंड इंजिन, जाड ऑइल आणि सिलिंडरच्या लायनरची, पिस्टनच्या रिंगची झीज. धुळेवाले दादा, तुमच्या गाड्या कोणत्या इंजिनाच्या, ते बघूनच बोला.

८८ चाही नको. इंजिनाच्या पाटीवरचा नंबर उतरवून घ्या, ती पुढच्या गिअर हाउसिंगवर असते. त्या नंबरावरून पार्ट नंबर मागा. घेताना खालच्या टोकाला बायपास बंद करणारी चकती आहे का ते बघा. वरून सारखे दिसणारे बरेच येतात.

आणि मे महिन्यात गाडी का उकळली ते शोधल्याशिवाय नुसता वॉल बदलून घाट चढू नका. रेडिएटरच्या जाळीत बॅटरीचा उजेड टाकून बघा. पेंड वाहता ना?

रामबागची लेक, इंदूर

काका, मनापासून आभार. दोन्ही वाटांचं बाबांना वाचून दाखवलं, दुपारभर ते तेच बोलत होते.

नंबरावरून ८३ चाच निघाला. एक कंपनीचा घेतला, एक तसाच दिसणारा लोकल. आईने अडगळीतलं एक जुनं पातेलं दिलं. दोन्ही वॉलच्या फटीत दोरा अडकवून पाण्यात लटकवले, बुडाला टेकू दिले नाहीत, शेजारी वहिनीचा चॉकलेटचा थर्मामीटर. वॉल उघडला की दोरा सुटतो आणि तो खाली पडतो. कंपनीचा ८३-८४ ला पडला. लोकलवरही ८३ छापलेलं, तो ९१ ला पडला आणि पाणी निवल्यावर नीट बंदही झाला नाही. तो दुकानात परत केला. आमच्याकडे पाणी ९८ लाच उकळतं, इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे ना, त्यामुळे १०० ची वाट बघत बसू नका.

जाळीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. बाहेरून स्वच्छ, पण इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे पेंडीचा भुसा आणि धूळ, बोटभर थर. पाण्याने आतून बाहेर धुतलं. कॅपचं रबरही चिरलेलं होतं, बदललं.

पाना १७

छान. बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला. पॅकिंग नवं. त्यावर हलणारी छोटी पिन असेल तर ती वर ठेवा, हवा तिथून निघते. कूलंट हळूहळू भरा, घाईत भरलं की हेडमध्ये हवा अडकते. आणि बोअरचं पाणी नको, मालव्यातल्या पाण्याने आत क्षारांचा थर धरतो. तयार मिसळलेलं कूलंट घ्या.

रामबागची लेक, इंदूर

फेरी झाली. सपाटीवर काटा ८५ च्या जवळ स्थिर. येताना गणपती घाटात पूर्ण लोडवर ९५-९६, त्याच्या वर नाही. भैयांनी प्रत्येक वळणावर फोटो काढून पाठवलेत. डिझेलचं एका फेरीवरून सांगत नाही, पुढच्या तीन फेऱ्यांचा हिशोब वहीत मांडून इथे टाकते. शुक्रवारी पुन्हा भरणा आहे.