खाडी खरंच धातू गाळून घेते का?

खारवट: गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांचा विषय निघाला की "खाणींमुळे खाडीच्या पाण्यात लोह विरघळलंय" हे ऐकायला मिळतंच. मला ही भीती अनाठायी वाटते. नदीतलं 'विरघळलेलं' लोह बहुतांशी ह्युमिक (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेल्या) द्रव्यासोबतच्या अतिसूक्ष्म कणांत असतं. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ते पार होतात, म्हणून त्यांना विरघळलेले म्हणायचं, इतकंच. समुद्राचं मीठ मिसळलं की कणांवरचा ऋणभार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. एडवर्ड शोलकोविट्झ यांनी १९७६ मध्ये स्कॉटलंडच्या नद्यांचं पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून हेच दाखवलं. खाडी हीच निसर्गाची गाळणी आहे.

गाळमाती: लोहापुरतं मान्य. पण कॅडमियम हा विषारी धातू नेमका उलटा वागतो हो! नदीत ते गाळाच्या कणांना धरून येतं. खारं पाणी लागलं की मिठातलं क्लोराइड त्याला ओढून घेतं आणि ते कणावरून सुटून पाण्यात उतरतं. फ्रान्समध्ये जस्ताच्या कारखान्यातलं कॅडमियम लॉट आणि गारोन नद्यांतून थेट झिरोंदच्या खाडीत पोचलं आणि तिथल्या कालवांत साठलं. ती कालवं खाण्यासाठी काढायला बंदी घालावी लागली. तिथे कुठे गेली होती तुमची गाळणी?

खारवट: तिथे जस्ताचा कारखाना होता, गोव्यात लोहखनिज आहे. दोन्ही एका मापाने का मोजायचं? शिवाय पावसाळ्यात मांडवीला इतकं गोडं पाणी येतं की सगळं पातळ होऊन समुद्राला मिळतं.

तिसऱ्यावाली: मी रसायनशास्त्रातली नाही. आमच्या घरी ओहोटीला तिसऱ्या (शिंपले) काढतात. तिसऱ्या राहतात चिखलात. तळाशी बसलेलं लोह 'गेलं' असं तुम्ही म्हणता, पण आमच्यासाठी ते नेमकं तिथेच आलंय ना?

गाळमाती: हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लोहाचे पुंजके एकटे बसत नाहीत, इतर धातूंनाही चिकटवून घेतात. चिखलात थोडं खोल गेलं की ऑक्सिजन संपतो, तिथे लोह आणि मँगनीज पुन्हा विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं सुटू शकतं.

खारवट: अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच चिखलात सल्फाइड (गंधकाचं संयुग) तयार होतं आणि ते कॅडमियम, तांबं, शिसं घट्ट धरून ठेवतं.

गाळमाती: धरतं, पण चिखल हलेपर्यंतच. खनिज वाहणाऱ्या बार्जचा पंखा किंवा गाळ उपसणारं यंत्र त्याला ऑक्सिजन देतं आणि सल्फाइडचं हे कुलूप उघडू लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबवलं, म्हणून खाडीच्या तळाचा गाळ काही परत गेला नाही.

बाटलीधुण्या: दोघांनाही विचारतो, आकडे कुठल्या बाटलीतले? भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या बाबतीत दाखवून दिलं, की धूळ, भांडी, आम्लं यांतूनच नमुन्यात शिसं शिरतं. पुढे अमेरिकेतल्या नद्यांचे वर्षानुवर्षं जमवलेले आकडेही याच कारणाने अविश्वसनीय ठरले. धूळमुक्त स्वच्छ खोलीशिवाय मोजलेल्या अतिअल्प शिशावर मी वाद घालणार नाही, ना तुमच्या बाजूने, ना त्यांच्या.

खारवट: हे पटलं. गाळाचंही पटलं. पण लोहाबद्दलचं मागे घेत नाही.

गाळमाती: नका घेऊ. फक्त पुढचा अहवाल दाखवाल तेव्हा नमुना किती क्षारतेला, भरतीला की ओहोटीला घेतला तेही सांगा. आणि त्याच जागेच्या तिसऱ्यांत काय सापडलं, तेही.